शारदाबाईंना हार नकोत

इतिहासकार गेला की आपण काय करतो? शोकसभा, तसबिरीला हार, फार तर चौकाला नाव. शारदा द्विवेदी २०१२ साली गेल्या. राहुल मेहरोत्रांबरोबर त्यांनी मुंबईवर लिहिलेली पुस्तकं आपण कौतुकाने चाळतो... आणि त्यातल्याच एखाद्या इमारतीवर पिंपळ उगवला तरी मान वळवून पुढे जातो! याला मी आदर म्हणत नाही.

वारसा इमारतींची नियमावली मुंबईत १९९५ साली आली, देशात सर्वांत आधी. पण नियम पाडण्याआधी परवानगी मागतो, गळकं छप्पर शाकारत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. (इतिहास शिकवताना हा कायदा आम्ही कधी शिकवलाच नाही!) त्या भाड्यात मालक गिलावा तरी कसा करणार? काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल बघा. १८९६ च्या ७ जुलैला तिथे ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून भाडेकरूंनी भरलेली तीच इमारत धोकादायक ठरून २०१९ साली रिकामी करावी लागली.

बाईंच्या नावाने काही करायचंच असेल तर दुरुस्तीसाठी निधी काढा, मालमत्ता करात सूट द्या. गवंडी-सुतारांची मजुरी निघू दे त्यातून. चौकातली पाटी वाचायला थांबतो कोण?