वैमानिक घरीं कसा जातो?

विमान चालविणारा मनुष्य जगांत वाटेल तेथें फुकट फिरत असेल, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु शेंकडों उतारूंना समुद्रापलीकडे सुखरूप पोंचविणाऱ्या या मनुष्यास काम संपल्यावर स्वतःच्या घरीं जाण्यासाठीं पुष्कळदां दुसऱ्या वैमानिकाच्या दारांत उभें राहून नम्रपणें विचारावें लागतें, कीं "आपल्या विमानांत मला जागा मिळेल काय?" या जागेविषयीं व या विचारण्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. आमच्या शाळेंतील ज्या मुलांस वैमानिक होण्याची हौस आहे त्यांनीं, आणि त्यांच्या वडील माणसांनींहि, याचा विचार करावा.

विमानाच्या नाकाशीं वैमानिकांची जी लहानशी खोली असते तिला कॉकपिट म्हणतात. तींत कप्तान व त्याचा सहवैमानिक यांचीं दोन आसनें असतात, आणि त्यांच्या पाठीमागें बहुधा दुमडून ठेवतां येण्यासारखें एखादें जादा आसन असतें. हेंच जंपसीट. सरकारी तपासनीस किंवा वैमानिकांची परीक्षा घेणारा अधिकारी यांच्यासाठीं तें मुख्यतः असतें, व आजहि त्यावर त्यांचा हक्क पहिला. ते नसतील तेव्हां तें रिकामें जावयाचें. मग तें घरीं निघालेल्या सोबत्यास कां देऊं नये, या साध्या विचारांतून हा रिवाज वाढला. अमेरिकेंत तो विशेष फोफावला. तेथें वैमानिकाचें ठाणें एका शहरीं आणि बायकोमुलें हजार मैलांवर दुसऱ्या शहरीं, असें सर्रास आढळतें. कंपनीला ठाणें बदलणें सोपें, मुलांना शाळा बदलणें कठीण. म्हणून आपल्याकडे कोणी कल्याणाहून मुंबईस लोकलनें कामाला जावें तसा तेथील बाप विमानानें कामाला जातो.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. कंपनीनेंच आपल्या कामासाठीं वैमानिकास उतारू म्हणून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पाठविलें, तर त्याची जागा ठरलेली असते. आपल्या रेल्वेंतील चालक गाडी पोंचवून दुसऱ्या गाडीनें परततात, त्याला ते 'स्पेअर' जाणें म्हणतात. त्यांतलाच हा प्रकार. जंपसीटचें तसें नाहीं. तो प्रवास ज्याचा त्याचा खाजगी, आणि जागेची शाश्वती मुळींच नाहीं.

पूर्वीं गणवेश आणि ओळखपत्र एवढ्यावर काम भागे. ११ सप्टेंबर २००१ च्या भयंकर घटनेनंतर कॉकपिटचे दरवाजे मजबूत झाले, त्यांना कुलपें लागलीं, आणि परक्या कंपनीच्या वैमानिकास आंत घेणें अमेरिकेंतहि कांहीं काळ बंद पडलें. पुढें समोरचा मनुष्य खरोखर सांगतो त्या कंपनीचा वैमानिक आहे कीं नाहीं, हें विमानतळावरील कारकुनास यंत्रावर तात्काळ पडताळतां येईल अशी पद्धति निघाली, तेव्हां तो रिवाज पुन्हा सुरू झाला. परंतु ही सोय मुख्यतः त्या देशाच्या आंतल्या प्रवासापुरती. परदेशाहून घरीं येणाऱ्या वैमानिकास परक्या कंपनीच्या कॉकपिटमध्यें सहसा प्रवेश मिळत नाहीं. उतारूंच्या दालनांत एखादी खुर्ची रिकामी उरली तर ती मिळते, नाहींतर कंपन्याकंपन्यांनीं आपसांत ठरविलेलें सवलतीचें तिकीट काढावें लागतें. तेंहि जागा असेल तरच चालणारें! पासपोर्ट, लागेल तेथें व्हिसा, वैमानिकाचा परवाना, हीं सर्व कागदपत्रें हातीं असून नाताळांतल्या भरलेल्या विमानापुढें त्यांचा कांहीं इलाज चालत नाहीं. शिमग्याला कोंकणांत निघालेल्या चाकरमान्यास यापेक्षां अधिक सांगणें नको.

आसन रिकामें असलें तरी कप्तानाची परवानगी स्वतः जाऊन मागावी लागते. ती देणें न देणें सर्वस्वीं त्याच्या मर्जीवर. पोषाख नीटनेटका हवा, मद्याचा थेंब चालत नाहीं, आणि विमान दहा हजार फुटांच्या खालीं असतांना अवांतर बोलणें वर्ज्य. पाहुणा म्हणून बसलेल्यानेंहि डोळे उघडे ठेवावे, बाहेर दुसरें विमान दिसलें तर सांगावें, अशी अपेक्षा असते. मला या सर्वांत ती परवानगी मागण्याची रीत फार मोलाची वाटते. वीस वर्षें विमान चालविलेला मनुष्य आपल्याहून लहान वयाच्या कप्तानापुढें उभा राहून विचारतो. कारण त्या विमानाचा भार त्या दिवशीं त्या लहानाच्या शिरावर असतो.

कोणी म्हणेल, हा आपसांतला लाड कशाला हवा? त्यास मी १९ जुलै १९८९ ची हकीकत सांगेन. डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या डी. सी. १० विमानाचें शेपटीकडील एंजिन फुटलें, आणि विमान वळविण्याचीं सर्व साधनें निकामी झालीं. त्या विमानांत डेनिस फिच नांवाचे, वैमानिकांना शिकविणारे गृहस्थ कामावर नसतांना उतारू म्हणून घरीं चालले होते. ते जंपसीटवरहि नव्हते. त्यांनीं मदत देऊं केली, आणि कप्तान आल्फ्रेड हेन्स यांनीं त्यांना आंत घेतलें. उरलेल्या दोन एंजिनांची शक्ति कमीजास्त करून विमान कसेंबसें स्यू सिटीच्या धांवपट्टीपर्यंत आणण्यांत फिच यांचे हात होते. २९६ जणांपैकीं १८४ वांचले. पुढें २८ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत देनपासारहून जाकार्तास जाणाऱ्या बोइंग विमानाचें नाक यंत्राच्या दोषानें वारंवार खालीं जाऊं लागलें, तेव्हांहि मागच्या आसनावर बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाची मदत झाली व विमान सुखरूप उतरलें. दुसऱ्याच दिवशीं तेंच विमान दुसऱ्या वैमानिकांच्या हातीं समुद्रांत कोसळून १८९ माणसें मेलीं. तिसरा मनुष्य असता तर तीं वांचलींच असतीं, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

उलट बाजूहि लपविण्याजोगी नाहीं. ७ एप्रिल १९९४ रोजीं मेम्फिसहून निघालेल्या एका मालवाहू विमानांत, फुकट प्रवासाची सवलत घेऊन बसलेल्या कंपनीच्याच नोकरानें तिघां वैमानिकांवर हातोड्यानें हल्ला केला. त्यांनीं रक्तबंबाळ होऊनहि विमान परत उतरविलें. २२ ऑक्टोबर २०२३ रोजीं तर एव्हरेटहून सॅन फ्रॅन्सिस्कोस जाणाऱ्या विमानांत जंपसीटवरून घरीं चाललेल्या वैमानिकानेंच एंजिनें बंद पाडणाऱ्या मुठी ओढण्याचा यत्न केला. नशा आणणारीं अळंबीं खाल्लीं होतीं, मित्राच्या मृत्यूचा शोक होता व बरेच तास झोप नव्हती, असें त्यानें मागाहून सांगितलें. दोघा वैमानिकांनीं त्याला आवरलें. म्हणून परवानगी मागणाऱ्याकडे कप्तानानें दोन क्षण निरखून पाहावें, आणि मन साशंक झाल्यास भीड न धरतां नाहीं म्हणावें. भिडेखातर दार उघडणें कसें महागांत पडतें तें आपल्या देशांतहि दिसलें आहे: २०२३ सालीं दुबईहून दिल्लीस येणाऱ्या विमानांत वैमानिकानें ओळखीच्या बाईस कॉकपिटमध्यें बसविलें, त्याबद्दल कंपनीस ३० लाख रुपये दंड झाला व त्याचा परवाना तीन महिने स्थगित झाला.

पण माझ्या मतें खरा धोका या विरळा घटनांत नाहीं. तो झोपेंत आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं नेवार्कहून बफेलोस जाणारें लहान विमान घरावर कोसळून आंतील ४९ व जमिनीवरील एक, असे ५० जीव गेले. त्या विमानाची सहवैमानिक सिॲटलजवळ राहत असे. मालवाहू विमानांतून रात्रभर, मेम्फिस येथें विमान बदलून, ती सारा देश ओलांडून कामावर आली होती. कप्तानाचें घरहि दूर फ्लॉरिडांत होतें. चौकशींत मुख्य दोष कप्तानाच्या चुकीच्या प्रतिक्रियेवर ठेवला गेला. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती, तें ठरवितां आलें नाहीं. २०१४ पासून तेथें वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. तथापि घरापासून ठाण्यापर्यंतचा प्रवास त्यांत कामाचा म्हणून मोजला जात नाहीं. ताजेंतवानें होऊन येणें वैमानिकाच्या सदसद्विवेकावर सोडलें आहे.

येथें माझें मत स्पष्ट आहे. काम संपवून घरीं जाणाऱ्यास हें आसन आनंदानें द्यावें. तो पेंगला तर बिघडत नाहीं. परंतु कामावर येण्यासाठीं रात्रभर याच आसनाचा भरंवसा धरणें ही गोष्ट निराळी, आणि तिचा सगळा भार एकट्या वैमानिकाच्या विवेकावर टाकणें न्यायाचें नाहीं. अमेरिकेंतील कित्येक करारांत दोन विमानें धरण्याचा प्रामाणिक यत्न करूनहि जागा न मिळाल्यास वैमानिकास शिक्षा करूं नये, असें कलम असतें. तें चांगलें आहे. त्यामुळें निदान उशीर झाल्याच्या भयानें कोणी वाटेल तसा धांवत येत नाहीं. त्याला जोडून ठाण्याच्या गांवीं आदल्या रात्रीची एक खोली कंपनीनें आपल्या खर्चानें द्यावी. दहा मजल्यांएवढ्या लांब विमानास लागणाऱ्या तेलाच्या हिशेबांत एका माणसाच्या बिछान्याचा खर्च शोधून सांपडणार नाहीं.