उणीव हाताची

हुबळीस १९४७ साली भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. २०१६ साली धारवाडास आयआयटी आली. विद्येस येथे तोटा नाही. उणीव हाताची आहे. सोल्डरिंग म्हणजे अखेर तांबटाचे डाखकामच. साठ-चाळीस कथिल-शिशाची तार १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते, हे विद्यार्थ्यास पाठ असते. पण तो वितळलेले कथिल थंड सांध्यावर ओततो. सांधा जुळलेला दिसतो, प्रवाह मात्र अडखळतो. आधी तांब्याची पट्टी व घटकाचा पाय तापवावा, मग तार टेकवावी; ती आपणच पसरते. एवढे लिहून गुण मिळतात. हात मात्र दहा सांधे बिघडवल्यावाचून शिकत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येकास सर्किटची स्वतंत्र पाटी द्यावी. चौघांच्या गटात एकजण जोडतो, तिघे आकृती उतरवतात, आणि गुण चौघांनाही सारखेच!