टाक्यांकडे कुणी पाहिलं का?

"सिझरचा वण जायला काय लावू गं?"

हळदीकुंकवाला, भिशीला, एस.टी.च्या थांब्यावर, कुठेही चार बायका जमल्या आणि त्यातली एक नुकती बाळंत झालेली असली, की हा प्रश्न हळूच निघतो. उत्तरांना तोटा नसतो. शेजारच्या काकू म्हणतात, हळद लाव खोबरेलात कालवून. मावशी सांगते, दारातली कोरफड काप आणि चोळ. जाऊबाईंनी कुठेतरी वाचलेलं असतं, व्हिटॅमिन ईची गोळी फोडून लावायची. आजीचा भरवसा घरच्या तुपावर. आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतलं तेल तर महिनाभरात सगळे डाग गायब करायला बसलेलंच असतं!

सगळ्याजणी मायेनं सांगतात, यात शंका नाही. पण एक प्रश्न त्यातली एकही विचारत नाही. "किती दिवस झाले गं? आणि टाके कुणी पाहिलेत का?"

मैत्रिणींनो, आज याच दोन प्रश्नांबद्दल बोलायचं आहे. कारण काय लावायचं, यापेक्षा केव्हा लावायचं आणि त्याआधी कुणी बघायचं, हे कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

हा काही आता दोन-चार घरांपुरता विषय राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझेरियननं झाल्याची नोंद होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा साडेएकवीसवर गेला. आपल्या महाराष्ट्रात तर तो पंचवीसच्या पुढे आहे. म्हणजे दर चार बाळंतिणींमागे एकीच्या पोटावर ही रेघ आहे. त्यातली किती ऑपरेशनं खरोखर गरजेची होती, हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा. ज्या बाईच्या पोटावर टाके पडलेत, तिची काळजी त्या वादाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

रेघ वर, जखम आत

आपल्याला दिसते ती फक्त कातडीवरची रेघ. अर्ध्या-पाऊण वितीची. तिच्याखाली चरबीचा थर कापलेला असतो, त्याखालचा चिवट पडदा कापलेला असतो, पोटाचे स्नायू बाजूला सारलेले असतात आणि शेवटी गर्भाशय उघडून बाळ बाहेर काढलेलं असतं. नंतर हे सगळं आतून बाहेरपर्यंत शिवत आणलं जातं. "सिझर म्हणजे काय, कळा न देता सुटली" असं म्हणणाऱ्यांनी हे जरा डोळ्यांसमोर आणून बघावं.

वरची कातडी साधारण दोन आठवड्यांत जुळते. आतली जुळणी मात्र कित्येक महिने चालू असते. वण आधी लाल, मग तपकिरी, कधी उंच, कधी खाजरा असा बदलत राहतो आणि त्याचं शेवटचं रूप ठरायला वर्ष-दीड वर्षही लागतं. तिसऱ्या आठवड्यात दिसणारा लालभडक वण पाहून घाबरायचं कारण नाही. काही न लावतासुद्धा तो पुष्कळ फिकट होणार असतो. जाहिरातीतल्या तेलाला मिळणारं निम्मं श्रेय खरं तर काळाचं असतं!

सव्वा महिना काही लावायचं नाही

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. ही जुनी गणती इथे फार कामाची आहे. सव्वा महिना टाक्यांवर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाखेरीज काहीही लावायचं नाही, एवढं घरात ठरवून टाका. हळद नाही, तेल नाही, तूप नाही, मध नाही, राख किंवा पावडर तर अजिबात नाही.

"अहो, पण हळद जंतुनाशक ना?" असा प्रश्न येणारच. हळदीत गुण आहेत हे खरं. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती गिरणीतून येते, डब्यात ओला चमचा जातो, बाजारच्या हळदीत भेसळही असते. अजून न मिटलेल्या जखमेवर ती लावणं म्हणजे बाहेरची घाण आत जायला वाट करून देणं. शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. हळदीनं सगळं पिवळं होतं आणि टाक्यांभोवती आलेली लाली, जी सगळ्यात आधी दिसायला हवी, तीच झाकली जाते.

मग करायचं काय? डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिली की साधं कोमट पाणी टाक्यांवरून वाहू द्यायचं. घासायचं नाही. स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या सुती कपड्यानं हलकं टिपायचं. आडवा छेद पोटाच्या घडीत येतो, तिथे घाम साचतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा तो कोरडा आहे ना हे बघायचं. आडव्या छेदावर आतल्या कपड्याचं इलॅस्टिक घासतं आणि उभ्या छेदावर परकराची नाडी. त्यासाठी सैल सुती कपडे, नाहीतर थोडे दिवस सरळ गाऊन.

आणि शेगडी! शेकशेगडीची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. पण सिझेरियनमध्ये कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. टाक्यांच्या आसपासचा भाग काही महिने बधिर असतो, काहींचा त्याहूनही जास्त. त्या जागेला चटका बसला तरी बाईला कळत नाही. कंबर-पाठ शेकायची असेल तर डॉक्टरांना विचारून शेका, पण टाक्यांना शेक नको आणि त्यावर कढत पाण्याचा तांब्याही नको.

कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजी डॉक्टरांचं. तसं मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यात जखम आधी स्वच्छ करायची, मग ती भरून आणायची, आणि कातडीचा रंग पूर्ववत करण्याचे उपाय भरलेल्या जखमेसाठी आहेत. आपण मात्र आयुर्वेदाचं नाव घेऊन शेवटची पायरी पहिल्या दिवशी चढायला जातो.

त्यानंतर काय लावाल?

सव्वा महिन्यानंतर जखम पूर्ण मिटलेली आहे, कुठेही ओल नाही, खपली नाही आणि तपासणीत डॉक्टरांनी हरकत नाही असं सांगितलंय, तर घरातल्या उपायांना खुशाल जागा द्या. पण प्रत्येकाची खरी किंमत ओळखून.

खोबरेल, तिळाचं तेल किंवा घरचं तूप यांनी कातडी मऊ राहते, कोरड पडत नाही, खाज कमी होते. वण पुसण्याची ताकद यात नाही. पण तेलाच्या निमित्तानं बोट फिरतं आणि फायदा त्या बोटाचाही असतो. दोन बोटं वणावर ठेवून हलक्या दाबानं वर-खाली, डावी-उजवी आणि गोल अशी कातडी हलवायची, रोज पाचेक मिनिटं. खाली चिकटल्यासारखी झालेली कातडी त्यानं सैल व्हायला मदत होते. दुखलं तर थांबायचं.

कोरफडीच्या गरानं गार वाटतं. मात्र साल काढल्यावर जो पिवळा चीक निघतो, तो आधी धुऊन टाका, त्यानं अंगाला खाज सुटते. कुठलीही नवी गोष्ट आधी मनगटावर लावून एक दिवस वाट बघावी.

व्हिटॅमिन ईच्या गोळीचं नाव फार मोठं झालंय. पण १९९९ साली अमेरिकेत मायामी इथल्या डॉक्टरांनी छोट्या गटावर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या वणात तिनं काही फरक पडला नाही किंवा तो आणखी वाईट दिसू लागला, आणि तिघांतल्या एकाला तिथे पुरळ आलं. तेव्हा ती गोळी फोडायची घाई नको. कांद्याचा रस आणि लिंबू तर कातडीला झोंबणारेच. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं कुणी सांगू लागलं, तर त्यांना बिब्ब्याची आठवण करून द्या. बिब्बाही झाडालाच लागतो, आणि अंगावर उतला की काय होतं ते आपल्या आज्यांना विचारा!

वण जाड, उंच होत असेल तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल डॉक्टर सुचवतात. ती दिवसातले बरेच तास, दोन-तीन महिने नेमानं लावावी लागते. तीही जादू नव्हे, पण घरच्या लेपांपेक्षा तिला अधिक आधार आहे. काहींचा वण मूळ रेघेच्या बाहेर पसरत जातो, गाठीसारखा होतो. त्याला कीलॉइड म्हणतात. तो कुठल्याही तेलानं बसत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे इंजेक्शनचे उपचार असतात.

पोटातून जाणारा उपाय तर सगळ्यात स्वस्त. डाळी, उसळी, दूध, चालत असेल तर अंडी, आवळा, हिरव्या भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. अंगात रक्त कमी असलं किंवा साखर वाढलेली असली तर टाके लवकर भरत नाहीत, मग वरून काहीही लावा. बाळंतिणीला भाजी-डाळ बंद करून नुसत्या मऊ भातावर ठेवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

लेप नको, डॉक्टर हवा

काही वेळा मात्र घरचा उपाय करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! टाक्यांभोवती लाली पसरत चाललीय, जागा गरम लागतेय, पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, टाका उसवून फट दिसतेय, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय किंवा ताप आहे, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "दोन दिवस हळद लावून बघू" ही वाट नको. ते दोन दिवस फार महागात पडू शकतात.

काही गोष्टी उशिरा दिसतात. खोकताना वणापाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. वणातली एखादी गाठ नेमकी दर पाळीला दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा अंश तिथे रुजलेला असू शकतो. अशा बायका वर्षानुवर्षं तेल चोळत राहतात, कारण पाळीचा आणि वणाचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले, तर आधीचं सिझेरियन डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. वार जुन्या टाक्यांवर तर चिकटलेली नाही ना, हे सोनोग्राफीत बघावं लागतं. म्हणून दवाखान्यातून सुटीच्या वेळी मिळालेला कागद बारशाच्या फोटोंइतकाच जपून ठेवा.

बघणार कोण?

खरी अडचण उपायांची नाहीच. बाईला स्वतःचे टाके दिसत नाहीत, ते पोटाच्या घडीखाली असतात. दाखवायला लाज वाटते. घरातले सगळे डोळे बाळाकडे. दुखतंय म्हटलं तर "एवढं चालायचंच" म्हणून ऐकवतात. तपासणीला जायचं तर रिक्षाचं भाडं, सोबतीला माणूस, बाळाला सांभाळणारं कुणीतरी, हे सगळं जुळवून आणायला लागतं. त्यापेक्षा तळहातावर तेल घेणं सोपं. म्हणून उपाय वाढत जातात आणि तपासणी राहून जाते.

तेव्हा आई, सासूबाई, नणंदा आणि अर्थातच नवरे मंडळींनाही सांगणं आहे. रोज एकदा, चांगल्या उजेडात, हात धुऊन, तिचे टाके बघा. तिला एकटीनंच बघायचं असेल तर हाताशी छोटा आरसा द्या. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांच्यापुढे फक्त बाळ ठेवू नका, टाकेही दाखवा. सरकारी दवाखान्यात सिझेरियन आणि त्यानंतरचे बेचाळीस दिवसांपर्यंतचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत, हा तिचा हक्क आहे. आणि सहाव्या आठवड्याची तपासणी बाळाच्या लसीबरोबरच कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाळाला दीड महिन्याची लस त्याच सुमारास द्यायची असते, एका फेरीत दोघांचंही काम होतं.

वण पूर्ण जाईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो फिकट होईल, मऊ होईल, पण राहील. राहू द्या. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. तो दुखत नाही ना, खाजत नाही ना, त्याच्या आत सगळं ठीक आहे ना, एवढं मात्र बघायलाच हवं. तेलाची बाटली त्यानंतर.