नवख्याने आधी हळू धावावे

वसई-विरार महापौर मॅरेथॉन 2011 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून वसईतल्या पापडीच्या माणसाला 42.195 किलोमीटर हा आकडा मुंबईचा किंवा लंडनचा राहिलेला नाही, तो घराजवळ आला. पण आयुष्यात कधी न धावलेला माणूस तयारीला लागतो तेव्हा पहिल्याच सकाळी शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीसारखा सुटतो. गावच्या तलावाची अर्धी फेरी होते न होते तोच हात कमरेवर, तोंड उघडे, छाती भात्यासारखी. आठवड्याभरात नडगी ठणकू लागते, बूट कपाटात जातात आणि ‘आपले शरीरच धावण्याचे नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे, असे मी ठामपणे म्हणेन. शरीरात खोट नसते. सुरुवातीचा वेग चुकलेला असतो. नवख्याने पहिले कित्येक महिने इतके हळू धावावे की शेजारून धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, बोलता यावे. बोलता येत नसेल तर सरळ चालावे. चालणे ही त्यातली हार नाही, तो तयारीचाच भाग आहे.

याचे कारण शरीराच्या कामकाजात आहे. धावू लागल्यावर हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारते. दम लागणे कमी होते आणि माणसाला हुरूप येतो. हाडे आणि टाचेमागची जाड शीर मात्र त्या घाईत सामील होत नाहीत. ताण पडलेल्या जागी हाड आधी जुना भाग झिजवून काढते आणि मग नवा भरते. झिजवणे आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा थोडे कच्चेच असते. नेमक्या याच काळात छाती म्हणते ‘अजून पळ’, आणि माणूस पळतो. नवख्यांच्या नडग्या आणि टाचा बऱ्याचदा इथे दुखावतात. दम वाढला म्हणजे पाय तयार झाले, हा समज त्याला नडतो.

यावर एक अभ्यासू आक्षेप येईल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे 532 नवख्यांवर झालेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला 13 आठवड्यांचा हळूहळू वाढणारा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला 8 आठवड्यांचा नेहमीचा. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखावला. मग हळू वाढवण्याचा फायदा काय? मला यातून उलटे दिसते. ती तयारी अवघ्या साडेसहा किलोमीटरच्या शर्यतीची होती आणि तरीही इतके पाय दुखावले. हाडांच्या हिशेबात आठ आठवडे काय नि तेरा काय, दोन्ही तोकडेच. म्हणून कधीच न धावलेल्याने पहिल्या वर्षी फार तर 21 किलोमीटरचे नाव नोंदवावे आणि 42 पुढच्या वर्षावर टाकावे, असे माझे मत आहे. दुसरा आक्षेप गावातलाच: आमची माणसे वाडीत राबलेली, डोक्यावर टोपली घेऊन चाललेली, त्यांना कसली तयारी? दाखलाही आहे. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे पाहून दोराबजी टाटांनी भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचे मनावर घेतले. त्याच संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 मध्ये अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटांच्या वेळेने एकोणिसावे आले. पण चौगुले शर्यतीत मुरलेले धावपटू होते. आजचा पापडीकर वसई रोडहून लोकल पकडतो आणि दिवसभर खुर्चीत बसतो. आजोबांचे कष्ट नातवाच्या हाडांत उतरत नाहीत.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. चर्चगेटला जाऊन-येऊन रोज तीन तास गाडीत काढणाऱ्याला तासन्‌तास धावायला सांगणे क्रूर ठरेल. पण तेवढे लागतही नाही. लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्या 138 जणांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तयारीआधी ते आठवड्याला दोन तासांहून कमी धावत. साधारण सहा महिन्यांची तयारी त्यांनी आठवड्याला 10 ते 20 किलोमीटर इतक्यावर केली. रक्तदाब उतरला, महारोहिणीचा ताठरपणा इतका कमी झाला की ती जणू चार वर्षांनी तरुण झाली. आणि ज्यांना जास्त लाभ झाला त्यांत वयाने मोठे, हळू धावणारे पुरुष होते! मॅरेथॉनने हृदय खराब होते म्हणून घरचे अडवतात, त्यांनी हे जरूर वाचावे. अर्थात चाळिशीपुढच्याने आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्याने डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. हळू धावणाऱ्याला एक धोका मात्र जास्त असतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 जणांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातले सोडियम घसरलेले आढळले, आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिण्याशी आणि चार तासांहून जास्त वेळ लागण्याशी होता. वसईच्या दमट हवेत घाम धो-धो वाहतो, तेव्हा पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करण्याचा मोह होतो. तहान लागेल तेवढेच प्यावे.

आपली स्पर्धा डिसेंबरच्या सुमारास असते, म्हणजे तयारी मिरगाला सुरू व्हायला हवी. पावसाळ्याची सबब इथे उपयोगाची नाही. उलट जून-जुलैत ऊन नसते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पहिल्यांदा धावायला निघणे जास्त अवघड. वाड्यांमधल्या गल्ल्यांवर शेवाळ धरते, तिथे चालावे; वसई किल्ल्याकडचा डांबरी रस्ता बरा. महापालिकेने स्पर्धेच्या खर्चातला थोडा भाग जूनपासून पहाटेच्या दिव्यांवर आणि पदपथांवर घातला तर अंधारात एकटीने निघायला कचरणाऱ्या बायकाही येतील. आठवड्यातले तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे. ऑगस्टमध्ये कधीतरी ती दोन मिनिटे एकावर येतील.