हौशी वेगाची अवघड पायरी

‘रोड रेसिंग’ या शब्दाने आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो मध्यरात्रीचा पश्चिम द्रुतगती महामार्ग, पैजा लावून बेफाम पळवल्या जाणाऱ्या मोटारसायकली आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातील पोलीस कारवाईची बातमी. मोटारसायकल क्रीडेच्या परिभाषेत मात्र रोड रेसिंग म्हणजे डांबरी पृष्ठभागाच्या बंदिस्त सर्किटवरील शर्यत. माती-चिखलातील मोटोक्रॉस, सुपरक्रॉस आणि रॅली यांपासून तिला वेगळे ओळखता यावे, एवढाच त्या नावाचा हेतू. सार्वजनिक रस्ते बंद करून होणारी आइल ऑफ मॅन टीटीसारखी शर्यत १९०७ पासूनची परंपरा सांगते खरी. पण ती या खेळाची अपवादात्मक शाखा आहे. घोटाळा शब्दापुरताच राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पालक, विमा अधिकारी आणि नोकरी देणारी कंपनी असे सारेच या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलतात आणि त्याची किंमत शिस्तीने खेळू पाहणाऱ्या हौशी चालकाला मोजावी लागते.

हा हौशी चालक गेल्या दीड दशकात बदलला आहे. एके काळी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आरडी ३५० आणि आरएक्स १०० पळवणारी मंडळी स्वतःच मेकॅनिक, स्वतःच प्रायोजक असत. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली, पुढे केटीएमच्या ड्यूक आणि आरसी मालिकेतील गाड्या आल्या आणि सर्किटवर नेण्याजोगे वाहन महिन्याच्या हप्त्यावर मिळू लागले. हे वाहन घेणारा बहुधा पंचविशी-तिशीतला, माहिती तंत्रज्ञान वा तत्सम क्षेत्रात नोकरी करणारा, रविवारी पहाटे लवासाच्या किंवा ताम्हिणीच्या वळणांवर जाणारा. घाटात समोरून येणारी एसटी, वळणावर सांडलेले डिझेल आणि रस्त्यात उभे गुरू यांनी दोन-चारदा काळजाचा ठोका चुकवला की त्यांतले काही शहाणे होतात आणि ‘ट्रॅक-डे’कडे वळतात.

ट्रॅक-डे म्हणजे ठरावीक शुल्क भरून सर्किटवर दिवसभर मोटारसायकल चालवण्याची सोय. वेगानुसार गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची सत्रे मिळतात आणि कोणी कोणाला कोठे ओलांडायचे याचे नियम सकाळीच समजावून सांगितले जातात. क्रमांक नाही, चषक नाही. अमेरिकेत कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग २०१० पासून चेन्नईजवळच्या सर्किटवर होऊ लागले आणि वळण घेणे ही शिकण्याची, तासून घेण्याची विद्या आहे, ही कल्पना येथे रुजली. कोड यांची शिकवण मजेदार आहे. माणसाचे लक्ष म्हणजे दहा डॉलरची नोट. तिच्यातले नऊ डॉलर भीतीवरच खर्च झाले तर वळणासाठी उरतो एकच, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. ट्रॅक-डेचे सारे यश हे खर्चाचे प्रमाण बदलण्यात आहे. समोरून वाहन येणार नाही, पडलो तर मोकळी जागा आहे आणि रुग्णवाहिका उभी आहे, एवढ्या खात्रीने चालकाचे निम्मे ओझे उतरते.

खरा प्रश्न सुरू होतो तो यानंतर. दहा-बारा ट्रॅक-डे झाले, फेरीची वेळ घटत गेली, वरच्या गटात बढती मिळाली की शर्यतीचे वेध लागतात. ‘ट्रॅकवर मी अमुकपेक्षा वेगवान आहे’ हे वाक्य पॅडॉकमध्ये वारंवार ऐकू येते. ते बहुधा खरे असते, आणि शर्यतीच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी.

कारण ट्रॅक-डेचा वेग हा एकट्याचा वेग असतो. चालक आपल्या आवडीच्या रेषेवरून जातो, ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक लावतो, आतला बिंदू गाठतो आणि बाहेर पडतो. शर्यतीत ती रेषा दुसऱ्याने व्यापलेली असते. ताशी दीडशे किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे ४२ मीटर अंतर कापते. म्हणजे ब्रेक लावण्यास सेकंदाचे दोन दशांश उशीर झाला तरी ती आठ मीटर पुढे गेलेली असते. एकट्याने चालवताना हे आठ मीटर स्वतःच्या चुकीचे असतात. शर्यतीत ते शेजारच्याच्या निर्णयाचे असू शकतात. पुढच्या चालकाच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने वेग वाढवत यावे आणि नेहमीच्या खुणेवर ब्रेक लावावा, तर तो वाढीव वेगामुळे अपुरा पडतो. आतून कोणी घुसले तर रेषा बदलावी लागते आणि त्या नव्या रेषेवरील डांबराची पकड कशी आहे हे ठाऊक नसते. पहिल्या वळणाची तर गोष्टच वेगळी. वीस-पंचवीस चालक एकाच वेळी क्लच सोडतात आणि थंड टायरांवर एकाच चिंचोळ्या जागेकडे झेपावतात. असे दृश्य ट्रॅक-डेवर एकदाही पाहायला मिळत नाही. त्यामुळे तेथे शंभर फेऱ्या मारलेल्या माणसालाही शर्यतीचा हा भाग पूर्णतः नवखा असतो.

झेंड्यांचेही तसेच. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडणे बंद. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे पृष्ठभाग निसरडा. लाल म्हणजे शर्यत थांबली. हे पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. नाडीचे ठोके कानात वाजत असताना, पुढचा चालक हाताच्या अंतरावर असताना तो पिवळा झेंडा ‘दिसणे’ ही मात्र सरावाची बाब आहे. नवख्यांच्या शर्यतीत मार्शलना सर्वाधिक चिंता याचीच वाटते.

मग ही मधली पायरी कोठे आहे? राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेत नवोदितांसाठी ‘नोव्हिस’ गट आहेत, १६५ सीसी आणि ३०१ ते ४०० सीसी वर्गांत खासगी स्पर्धकांना वाव आहे. कंपन्यांच्या एकाच गाडीच्या, म्हणजे ‘वन-मेक’ मालिका आहेत. टीव्हीएसची अशी मालिका १९९४ पासूनची. रॉयल एनफिल्डने २०२१ मध्ये काँटिनेंटल जीटी ६५० या काहीशा जड, जुन्या वळणाच्या गाडीवर चषक स्पर्धा सुरू केली, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली होती. पण जड आणि तुलनेने कमी शक्तीची गाडी हाच हौशी स्पर्धकाचा खरा गुरू ठरतो. केवळ ॲक्सिलरेटर पिळून तेथे काही साधत नाही. पुढे त्या स्पर्धेत व्यावसायिक आणि हौशी असे वेगळे गट पाडण्यात आले, हे त्याहून महत्त्वाचे. पस्तिशीतला नोकरदार आणि कंपनीच्या संघातला विशीतला खेळाडू एकाच ग्रिडवर उभे केल्यास दोघांचाही घात होतो, ही साधी गोष्ट मान्य व्हायला आपल्याकडे बराच काळ जावा लागला.

केटीएमनेही आरसी ३९० वर चषक स्पर्धा घेऊन शहरोशहरी निवडीच्या फेऱ्या केल्या. ही गाडी चाकणला तयार होते. ती चालवणारे पुणे-मुंबईत रग्गड आहेत. शर्यतीसाठी मात्र त्यांना बाराशे-तेराशे किलोमीटरवरच्या चेन्नईची वाट धरावी लागते. राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या आजवर प्रामुख्याने दोनच ठिकाणी होत आल्या आहेत: मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे उभारलेले ३.७ किलोमीटरचे सर्किट आणि कोईमतूरचे २.१ किलोमीटरचे करी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोइडाचे बुद्ध सर्किट भव्य आहे. तेथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली, पुढच्या वर्षीची फेरी बारगळली. हौशी स्पर्धकाच्या खिशाला असल्या भव्यतेचा फारसा उपयोग नसतो. त्याला हवे असते घरापासून एका रात्रीच्या प्रवासावरचे, छोटेसे का होईना, सर्किट.

या अंतराचा परिणाम खर्चाइतकाच कौशल्यावर होतो. चेन्नईचा मुलगा शनिवारी सकाळी सरावाला जाऊन दुपारी घरी जेवायला येऊ शकतो. पुण्याच्या चालकाला तीन-चार जणांनी मिळून टेम्पो ठरवावा लागतो, गाड्या आधी रवाना कराव्या लागतात, शुक्रवार-सोमवारची रजा टाकावी लागते. टायरांचा एक संच, ब्रेक पॅड, प्रवेश शुल्क, राहणे-खाणे आणि पडझडीची दुरुस्ती असा हिशेब केला की एका फेरीत कित्येक ट्रॅक-डे बसतात. म्हणून तो सराव न करता थेट शर्यतीलाच जातो, आणि जी गोष्ट सरावात शिकायची ती ग्रिडवर शिकू पाहतो. महाराष्ट्रातून कोणी पुढे येतच नाही असे नव्हे. पुण्याच्या सार्थक चव्हाणने होंडाच्या एनएसएफ २५०आर वर्गातून वाट काढत टीव्हीएसच्या आशियाई वन-मेक मालिकेपर्यंत मजल मारली. पण तो कोवळ्या वयात या वाटेला लागलेला, कंपन्यांच्या छत्राखाली वाढलेला खेळाडू. तिशीत ट्रॅक-डेवरून येणाऱ्याला त्याच्या उदाहरणातून कौतुकापलीकडे फार काही घेता येत नाही.

धोक्याविषयी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईच्या सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेच्या नवोदितांच्या शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा स्पर्धक सुरुवातीलाच पडला आणि डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे दगावला. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. त्याआधी २०२१ मध्ये युरोपात लागोपाठ तीन किशोरवयीन स्पर्धकांचा मृत्यू झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ पासून जागतिक स्पर्धेसाठी किमान वय १८ आणि खालच्या टॅलेंट मालिकांसाठी १४ केले. वयाची ही चर्चा आवश्यकच आहे. पण तिच्या गदारोळात एक मुद्दा निसटतो. अनुभवहीनता केवळ लहान वयात नसते. पस्तिशीच्या नवोदिताला मुलापेक्षा धोक्याची समज अधिक असेल, पण त्याची हाडे लवकर जुळत नाहीत आणि घरी त्याच्या पगारावर अवलंबून असलेली माणसे असतात. परवाना घेताना वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. चालक पहिल्या वळणात चाळीस सेंटिमीटरवरून कोणी गेल्यास बिचकणार आहे की नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. ट्रॅक-डेच्या शेवटच्या तासात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सुरुवातीचा सराव घेणे, तीन-चार फेऱ्यांच्या गुणांविना शर्यती लावणे, ओलांडण्याचे नियम टप्प्याटप्प्याने सैल करणे हे आयोजकांना अशक्य नाही. त्यासाठी नवे सर्किट लागत नाही, वेळापत्रकात एक तास लागतो. तो तास मिळत नाही, कारण पैसे भरून आलेल्या ग्राहकांना तेवढा वेळ मोकळा ट्रॅक हवा असतो.

विम्याचा विषय याहून अप्रिय. वाहन विम्याच्या आपल्याकडील पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. वैयक्तिक अपघात विम्यातही धाडसी खेळांचे कलम अनेकदा असते. पॉलिसीची शेवटची पाने वाचण्याची आपली सवय सर्वश्रुतच आहे. शर्यतीच्या सकाळी जो इंडेम्निटी बाँड स्पर्धक रांगेत उभे राहून, दुसऱ्याच्या पाठीवर कागद टेकवून सही करतो, त्यात पडल्यास सारी जबाबदारी त्याची असते. आयोजकांकडून मिळणारे संरक्षण नेमके किती, रुग्णालयाच्या बिलाला ते पुरेल काय, हे विचारणारा स्पर्धक विरळा. घरच्यांना तर बहुतेकदा केवळ ‘चेन्नईला ट्रेनिंग आहे’ इतकेच सांगितलेले असते.

आणि तरीही या खेळाची पाठराखण करावी लागते, ती तुलनेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहून. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के होते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. दंड वाढला म्हणून वांद्रे-वरळीच्या रात्री शांत झाल्याचे दिसले नाही. सर्किटवर पोहोचलेला चालक घाटात हळू चालवू लागतो, असे या वर्तुळातील बरेच जण सांगतात. समोरून वाहन येण्याची शक्यता त्याला आता अधिक अवघड वाटू लागते, हे त्याचे कारण.

एक-दोन हंगाम शर्यती करून पुन्हा ट्रॅक-डेकडे परतणारेही कमी नाहीत. हेडलाइटवरची चिकटपट्टी काढून, आरसे पुन्हा बसवून ते गाडी कार्यालयात नेऊ लागतात. त्यांतले काही पुढच्या मोसमात पिवळा झेंडा हातात घेऊन वळणावर उभे असतात. नवखा चालक ब्रेक कोठे लावणार, हे त्यांना तो वळणावर पोहोचण्यापूर्वीच कळलेले असते.