दात शरीरात येत नाहीत का?

‘दाढेचं काय, सुट्टीत गावी गेलो की बघू.’ परदेशात नोकरी करणाऱ्या जालन्याच्या कुठल्याही मुलाला विचारा, हे वाक्य त्याने एकदा तरी म्हटलेलं असतं. लोक याला भीती म्हणतात, आळस म्हणतात. मला ते मान्य नाही. छातीत दुखलं तर तोच मुलगा सुट्टीची वाट पाहत नाही. दाताची पाहतो, कारण सरकारांनी आणि विमा कंपन्यांनी दात आधीच शरीराबाहेर काढून ठेवले आहेत.

मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडमध्ये राहतो. तिथली सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं आणि ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी मंत्रिपद! आज तिथे डॉक्टरला दाखवायला पैसे लागत नाहीत. रूट कॅनलला मात्र २०२५-२६ च्या सरकारी दराने ७५.३० पौंड लागत होते, वर कॅप बसवायची तर ३२६.७०. तेही त्या दरात नवा पेशंट घेणारा दवाखाना सापडला तर. माझी दाढ त्या शोधात दोन वर्षं थांबली.

मग आपण अभिमानाने सांगतो, ‘इंडियात या, काही हजारांत काम होतं.’ होतं. पण कुणाचं? पौंडात कमावणाऱ्याचं. मंठा, घनसावंगीतून ऊसतोडीला जाणारा मजूरही वर्षातले सहा महिने परमुलखातच असतो. उचल घेतलेली असते, फडात दाढ ठणकते, आणि तोही म्हणतो, ‘पट्टा पडल्यावर बघू.’ वाक्य तेच आहे. फरक एवढाच, की मी परत येतो तेव्हा माझ्या खिशात रूट कॅनलचे पैसे असतात. तो परततो आणि दाढ उपटून घेतो.

‘सरकारी योजना आहेत ना?’ असं विचारणाऱ्यांनी योजना नीट वाचाव्यात. आयुष्मान भारत असो की महात्मा फुले जन आरोग्य योजना, दोन्ही मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. दात भरणं, रूट कॅनल ही ओपीडीतल्या खुर्चीवरची कामं. म्हणजे कीड लागली तेव्हा योजना नाही. पू जबड्यात उतरून माणूस खाटेवर पडला की योजना आठवते. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला योजना आहे, पण ज्या खुर्चीवर तो पांढरा चट्टा वेळीच दिसला असता, ती खुर्ची योजनेत नाही. आणि हे त्या राज्यात, जिथे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पानटपरीवर पुडी मिळते.

औरंगाबादला शासकीय दंत महाविद्यालय आहे, हे खरं. पण मंठ्याहून ते शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागतात. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. मोफत उपचार असे महाग पडतात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्राच्या मानकांनुसार तीस खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयात, एक दंतचिकित्सक असायलाच हवा. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही २०१४-१५ पासून कागदावर आहे. मग आपल्या तालुक्यात चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. दंतचिकित्सकाचं पद भरलं आहे का? खुर्ची चालू आहे का? गेल्या वर्षी किती दात उपटले? आणि किती वाचवले?

शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर बघा. गरिबाचा दात उपटायचा आणि पैसेवाल्याचा वाचवायचा, हे धोरण कुणी लिहिलेलं नाही, पण राबवलं तेच जातंय. मोहल्ल्यात एक दिवसाचं दंतशिबिर भरवून, टूथपेस्ट वाटून आणि फोटो काढून ते बदलणार नाही. आपल्या संघटनांनी शिबिराचा मंडप गुंडाळावा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जाऊन भरलेलं पद आणि चालू खुर्ची मागावी.