धरणांतला गाळ आणि शेताची ताल

थेंबे थेंबे तळें साचतें, हें आम्हीं मुलांना जन्मभर शिकविलें. कणाकणानें तेंच तळें बुजतें, हें शिकवावयाचें मात्र राहून गेलें. मृगाचा पाऊस लागला कीं सारोळ्याच्या पुलावरून नीरेकडे पाहावें. ओढ्यांनीं आणलेलें पाणी तांबूस दिसतें. तो रंग म्हणजे कोणाच्या तरी शेताची माती.

सारोळ्याच्या वरच्या अंगास, भोरजवळ, वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. आजचें धरण १९२८ सालीं खुलें झालें. त्यापूर्वींचें एकोणिसाव्या शतकांतलें. त्या जुन्या भिंतीच्या तळाशीं गाळ वाहून जावा म्हणून द्वारें ठेविलीं होतीं. म्हणजे धरणाचा शत्रु कोण, हें बांधणारांस ठाऊक होतें.

वाचक म्हणतील, मग दारें उघडलीं कीं झालें! तसें होत नाहीं. वाहतें पाणी जलाशयांत शिरतांच मंदावतें. जड वाळू मुखाशींच बसते, बारीक माती भिंतीपर्यंत येते. भरल्या तळ्याचें दार उघडलें, तर दारापुढचा खळगा तेवढा साफ होतो. पहिल्या पुराच्या वेळीं तळें रितें व दारें उघडीं असलीं, तरच गढूळ पाणी तसेंच पुढें जातें. इजिप्त देशांत १९०२ सालीं पुऱ्या झालेल्या अस्वानच्या धरणास अशीं १८० द्वारें होतीं. नाईलचा गढूळ पूर जाऊं देऊन मागाहूनचें निवळ पाणी अडवीत. आपल्याकडे मात्र पुढचा पाऊस दगा देईल ही धास्ती. सोडलेलें पाणी परत मागतां येत नाहीं.

गाळ उपसण्याचाहि मार्ग आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तलावांतील गाळ उन्हाळ्यांत काढून शेतकरी तो आपल्या शेतांत पसरतात. लहान तलावांस हा उपाय उत्तम. परंतु सुमारें २३.५ अब्ज घनफूट पाण्याचें भाटघर असें उपसून पुरें पडावयाचें नाहीं. तेथें माती वरच अडविली पाहिजे.

वेळवंडीच्या खोऱ्यांत आमचें सामाईक शेत आहे. तेथील उतारावरची ताल तीन पावसाळे फुटकी राहिली. चौघां भावांपैकीं प्रत्येकास वाटे, दुसरा बांधील. अखेर पुतण्यानें नेऊन दाखविलें, फुटीमागें खडक उघडा पडला होता. हातभर माती कोठें गेली, हें सांगावयास नको. पुढल्या वैशाखांत आम्हीं ताल घातली, कडेस गवत राखलें. गेलेली माती कांहीं परत आली नाहीं. ज्यांचें शेत सामाईक आहे, त्यांनीं पावसाआधीं एकवार स्वतः जाऊन ताल पाहावी, एवढीच विनंती.